पोट्ट्यांच्या घड्याळानं आठशे किलोमीटर

सकाळी ५.४०

गाडी जागची हलायच्या आत टायरची हवा मोजायची, हा माझा हट्ट. थंड टायरमधला आकडाच खरा. पंपापर्यंत चार-पाच किलोमीटर गेलं की आतली हवा तापते आणि मीटर वाढीव सांगतं. म्हणून हे पार्किंगमध्ये मीटर घेऊन वाकलेले आणि मी मोबाइलचा उजेड धरून उभी. ड्रायव्हरच्या दाराआड कंपनीनं चिकटवलेला कागद असतो, त्यावर हवेचे दोन आकडे लिहिलेले असतात. एक दोन-तीन माणसं बसली तर, दुसरा गाडी भरली तर. उद्या दुसरा लागणार. आम्ही दोघं, सासूबाई, सात वर्षांची थोरली, तीन वर्षांचा धाकटा आणि त्या सगळ्यांचं सामान.

मग टायरचं वय. टायरच्या कडेला लांबलचक अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चार टायर बरे निघाले. डिकीतला पाचवा म्हातारा.

"त्याला कोण विचारतं? तो पडूनच असतो," हे म्हणाले.

"ज्या दिवशी विचारू त्या दिवशी तोच लागेल ना."

आम्ही जाणार तो समृद्धी महामार्ग काँक्रीटचा. ताशी १२० ची मुभा. तासन् तास एकाच वेगानं पळताना झिजलेला किंवा कमी हवेचा टायर फुटल्याच्या बातम्या आम्हा नागपूरकरांना काही नव्या नाहीत. तेव्हा पाचवा टायर बदलायचा आणि काटा शंभराच्या पुढे न्यायचा नाही, असं ठरलं. दुसऱ्या कलमाला यांनी "पाहू" म्हटलं. आमच्या घरात "पाहू" म्हणजे नाही. ते मी लक्षात ठेवलं.

सकाळी ७.१५

पोह्यांच्या ताटल्या आणि मधोमध मोबाइलवरचा नकाशा. जायचंय खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिका या मनोरंजन पार्काला, रायगड जिल्ह्यात. २०१३ साली ते सुरू झालं तेव्हा आमचं लग्नही झालं नव्हतं. थोरलीच्या वर्गातली एक मुलगी उन्हाळ्यात जाऊन आली आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. भाऊबीज उरकली आहे, शाळा उघडायला आठवडा आहे. रेल्वेची पाचही तिकिटं वेटिंगवर, विमानाचं भाडं ऐकून सासूबाई "बाप्पा!" म्हणून खाली बसल्या. शिवाय मुंबईत उतरून पुढं टॅक्सी करावी लागेलच. राहिली आपली गाडी.

नागपूरच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत समृद्धी ७०१ किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा टप्पा उघडला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा. पुढं खोपोलीपर्यंतचं अंतर धरलं की आठशेच्या घरात जातं.

"आठ तासांत मुंबई," हे म्हणाले. "पहाटे चारला निघू. पोट्टे झोपेतच गाडीत टाकू. दुपारी एकला हॉटेलात."

हा हिशेब मी कितीतरी घरांत ऐकला आहे आणि तो नेहमी गाडी चालवणाराच मांडतो. आठ तास गाडीला लागतात. तीन वर्षांच्या मुलाचं घड्याळ वेगळं असतं, ते दोन तासांचं असतं. दोन तासांनी त्याला शू लागते, भूक लागते, पाय आखडतात, नाहीतर उगाच रडू येतं. तो थांबला की गाडी थांबते. त्याचं घड्याळ न जुमानता आखलेला बेत पहिल्याच दोनशे किलोमीटरमध्ये कोसळतो आणि मग पुढची सहाशे किलोमीटर मोठी माणसं एकमेकांवर चिडत काढतात.

पहाटे चारलाही माझा नकार. त्या वेळेला शरीर झोप मागतं, ड्रायव्हरचंही. आणि समृद्धीसारखा सरळसोट रस्ता, ना गाव ना सिग्नल, माणसाला उघड्या डोळ्यांनी गुंगवतो. सहाला निघायचं, उजाडताना. पहिला थांबा कारंजा-शेलूबाजारच्या आसपास, दुसरा मेहकर-सिंदखेडराजाच्या पट्ट्यात, आणि दुपारच्या जेवणाला छत्रपती संभाजीनगर, माझ्या मावसबहिणीकडे. तिथंच मुक्काम.

"दुपारी दीडला पोचून दिवसभर करायचं काय?"

"काहीच नाही. मुलं अंगणात खेळतील. तुम्ही झोपाल."

यांना हे पटलं नाही, पण पोहे संपले होते.

दुसऱ्या दिवशी संभाजीनगर ते खोपोली. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, पार्क. शुक्रवार-शनिवार परत, रविवारी कपडे धुणं. सुटीच्या दिवसांत शनिवार-रविवारी पार्कात जाणं म्हणजे रांगेत उभं राहायला आठशे किलोमीटर जाणं. आठवड्याच्या मधल्या वारी गर्दी निदान विरळ असते आणि ऑनलाइन तिकिटाचा दरही तारखेप्रमाणे बदलतो.

सकाळी ९.३०

दुकानाचं शटर वर. मी फार्मासिस्ट. आमचं छोटं मेडिकल आहे आणि परवान्यावर नाव माझं. रजिस्टर्ड फार्मासिस्ट हजर नसताना औषध विकता येत नाही, म्हणून माझ्या सुटीचं नियोजन गाडीच्या आधी काउंटरचं. कॉलेजातली एक मैत्रीण पाच दिवस बसायला तयार झाली आहे. तिच्यासाठी चिठ्ठी लिहिली: इन्शुलिनच्या फ्रिजचा काटा सकाळ-संध्याकाळ बघणे, दोन ते आठ अंशांच्या मधे राहिला पाहिजे. कोपऱ्यावरच्या काकांची बीपीची गोळी महिन्याची एकदम द्यावी, नाहीतर ते रोज येऊन बसतात. उधारीची वही हिरवी.

गिऱ्हाइकांना बातमी लागलीच होती. नागपुरात प्रवासाचा बेत खाजगी राहत नाही.

"ताई, समृद्धीनं चालल्या म्हणे? पाणी भरून ठेवजा बरं. मधात काही भेटत नाही."

दुसरे म्हणाले, "आता भेटते. पंप हायेत ना."

दोघांचंही खरं. पेट्रोलपंप आहेत, तिथं स्वच्छतागृहं आहेत, पण चहाच्या टपऱ्यांची ओळ, ढाबे, गरम भजी असलं जुन्या हायवेचं वैभव इथं नाही. रस्त्याला कुंपण आहे, दुचाकीला बंदी आहे, कुठंही गाडी बाजूला घेऊन थांबायचं नाही. म्हणजे "शू आली" हे वाक्य ऐकल्यापासून पंपापर्यंत किती मिनिटं, हाच खरा प्रश्न. म्हणून धाकट्याला प्रत्येक पंपावर उतरवायचं, त्याला आलेली असो वा नसो. गाडीत एक झाकणाचा डबा, जुने पेपर आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. चार महिन्यांपूर्वी सुटलेला डायपर दोन दिवसांपुरता परत. सासूबाईंना हे आवडलेलं नाही. "मोठा झाला तो," त्यांचं म्हणणं. मोठा झाला हे खरं, पण आमण्याच्या पुढच्या ट्रॅफिकला ते कोण सांगणार?

सकाळी ११.००

काउंटरवर जरा सवड. प्रवासाची औषधपेटी मी घरी भरत नाही, इथंच भरते, कारण इथं काय घ्यायचं नाही तेही समोर दिसतं.

घेतलं: पॅरासिटामॉलचं सिरप, दोघांच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेसह, आणि सोबत मापाची सिरिंज. चमच्यानं दिलेली मात्रा कधी कमी पडते, कधी जास्त होते. थर्मामीटर. जखमेवरचं मलम, पट्ट्या, कापूस. सासूबाईंच्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या दोन ठिकाणी: निम्म्या त्यांच्या पर्समध्ये, निम्म्या माझ्या. त्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर.

ओआरएसची पाकिटं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण ओतायचं. अर्धं ग्लासात आणि अर्धं उद्याला असं केलं की मिठाचं प्रमाण बिघडतं आणि ते मुलाला बाधू शकतं. हे मी दिवसातून दहादा सांगते. आज एक बाई "ते गोड ओआरएस, डब्यातलं" मागायला आल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ठरलेल्या सूत्राचं नसलेल्या पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला मनाई केली आहे. बाईंना जुलाबाच्या मुलासाठी हवं होतं. पाकीट दिलं, भांडं कोणतं घ्यायचं ते सांगितलं.

गाडी लागण्याचं औषध हा माझ्या दुकानातला सुटीतला मोठा खप. थोरलीला गाडी लागते. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा लागत नाही, शाळेच्या वयात मात्र जोर असतो. कान सांगतो आपण हलतोय आणि डोळे पुस्तकात किंवा मोबाइलवर खिळलेले असतात ते सांगतात आपण बसून आहोत. या भांडणात पोट उलटतं. गोळी आहे, पण वय-वजन पाहून डॉक्टरांनी सांगितलेलीच, आणि निघायच्या आधी द्यायची. ओकारी सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही. तिनं झोप येते हेही लक्षात ठेवायचं. त्याआधीचे उपाय साधे आहेत. सकाळी हलकं कोरडं खाणं, दूध नाही, खिडकी थोडी उघडी, नजर लांब क्षितिजावर, चालत्या गाडीत मोबाइल नाही. हो, हे शेवटचं सांगताना आईबापांचे चेहरे पडतात. मोबाइल हाच त्यांचा बेत असतो.

खोकल्याचं औषध घेतलं नाही. छिंदवाड्याकडची मुलं दूषित सिरप पोटात जाऊन मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत आली, त्यातली कितीतरी परत गेली नाहीत. ते २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं. आमच्यासारख्यांना त्या दिवसांत काउंटरवर उभं राहणं जड गेलं. पाच वर्षांखालच्या मुलांना ही सिरपं सहसा देऊच नयेत, दोन वर्षांखाली तर नाहीच, हे सरकारी सल्लापत्रकानं तेव्हा पुन्हा सांगितलं. खोकला झाला तर कोमट पाणी, थोरलीला मध, आणि थांबत नसेल तर डॉक्टर. संभाजीनगरात डॉक्टर आहेत, खोपोलीतही आहेत.

दुपारी १.३०

जेवायला घरी. जेवण बाजूला राहिलं, दाराच्या चौकटीला टेप लावला. पार्कात मुलांचं जग वयानं चालत नाही, उंचीनं चालतं. तिकीट उंचीवर, झोपाळ्यात बसवायचं की नाही तेही उंचीवर. थोरली टाचा उचलत होती. टाचा खाली करून ११८ सेंटीमीटर. धाकटा ९४, तोही हलत असताना.

मग संकेतस्थळ उघडून एकेक राइड तिच्या उंचीशी लावून पाहिली. हे काम घरीच झालं पाहिजे, असं माझं ठाम मत. रांगेत तासभर उभं राहून पट्टीपाशी "बेटा, तू नाही" ऐकणाऱ्या मुलाचं रडणं थांबवायला बाप कितीही आइस्क्रीम घेईना, दिवस गेलेला असतो. 'नायट्रो' हा मोठा रोलर कोस्टर आमच्या दोन्ही मुलांच्या वाट्याला नाही, हे थोरलीला आजच सांगितलं. त्यात पायाखाली फळी नसते, पाय लोंबकळत राहतात. तिनं विचारलं, "मग बाबांच्या?" बाबांच्या आहे. "मग बाबा जातील आणि ओरडतील, आपण खालून बघू." हा कार्यक्रम ठरला. मला वाटतं अख्ख्या सहलीत तिला हाच सगळ्यात आवडेल.

धाकट्याला गोल फिरणारे घोडे आणि तो टबी नावाचा हत्ती पुरे. खरं सांगायचं तर त्याला आमच्या गल्लीतला झोपाळाही पुरे आहे. मी लहान असताना सेमिनरी हिल्सच्या बालोद्यानातली वनबाला गाडी म्हणजे आम्हाला परदेश होता. एस्सेलवर्ल्ड हे पार्क १९८९ मध्ये मुंबईत गोराईला सुरू झालं होतं, पण नागपूरच्या मुलांसाठी ती टीव्हीवरची जाहिरातच राहिली.

वॉटर पार्कचं तिकीट वेगळं आहे. ते काढलं नाही. हे हिरमुसले. दोन्ही एकाच दिवशी करणाऱ्यांकडे एकतर मुलं नसतात किंवा सोबत तीन मावश्या असतात. ओले कपडे, नायलॉनचा पोहायचा पोशाख, लॉकर, पाण्यातून बाहेर यायला नकार, मग थंडी, मग भूक. आपल्याकडं एकच दिवस आहे आणि धाकटा दुपारी झोपतो. त्याच्या झोपेच्या दोन तासांत सासूबाई त्याच्यापाशी सावलीत बसतील आणि आम्ही दोघं थोरलीला घेऊन मोठ्या रांगा धरू. गर्दी वाढायच्या आत सकाळी छोट्या राइड, ऊन चढलं की वातानुकूलित खोल्यांतले खेळ, संध्याकाळी उरलेलं. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, तान्ह्या बाळांचं तेवढं सोडून, त्यामुळे पोटभर नाश्ता करूनच शिरायचं.

दुपारी ३.००

सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हातात जपमाळ म्हणजे मागणी गंभीर.

"शिर्डी रस्त्यातच हाय म्हणते ना तो?"

"आहे आई. कोकमठाणला उतरलं की जवळच."

"मंग?"

आता इथं भूगोल सासूबाईंच्या बाजूनं आहे. समृद्धीचं वैशिष्ट्यच असं की सगळं रस्त्यातच असतं. मेहकरला उतरलं की लोणार, तिथलं उल्केनं झालेलं विवर. पुढं सिंदखेडराजा, जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा वाडा. संभाजीनगरला दौलताबाद आणि वेरूळ. मग शिर्डी, मग त्र्यंबकेश्वर. प्रत्येक ठिकाण "इथून अर्ध्या तासावर" आणि प्रत्येक अर्ध्या तासाचे पार्किंग, चपला, रांग, प्रसाद, फोटो धरून तीन तास होतात. अशी दोन ठिकाणं घेतली की दोन दिवसांचा प्रवास तीन दिवसांचा आणि मुलं पार्काच्या दारात पोचतात तेव्हा त्यांना फक्त गादी हवी असते.

माझं मत असं की जाताना काही नाही. जे करायचं ते येताना, कारण येताना मुलांना कशाची घाई नसते. म्हणून शिर्डी शुक्रवारी. संध्याकाळी पोचायचं, दर्शन दुसऱ्या दिवशी पहाटेचं, त्याचा ऑनलाइन पास आजच काढायचा, आणि दर्शन झालं की थेट नागपूर.

"पहाटंचं? मंग बराय." माळ परत फिरू लागली. मला वाटतं त्यांना तेच हवं होतं. शिर्डी हा नुसता मुद्दा मांडायचा होता.

लोणार मात्र थोरलीला दाखवायला हवं. या खेपेला नाही.

दुपारी ४.१५

गांधीबागेत दवा बाजारातून शेवटचा माल उचलला आणि वाटेतच टायरवाल्याकडं. पाचवा टायर नवा आला. वायपर बदलले, कारण अवकाळीचा नेम नाही. ब्रेक, कूलंट, जॅक आणि पाना डिकीत आहे का, तो यांना वापरता येतो का. शेवटचं मी विचारलं, मेकॅनिक हसला, हे हसले नाहीत.

धाकट्याची वेगळी खुर्ची मागच्या सीटवर पट्ट्यानं घट्ट बसवली. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खुर्ची सक्तीची केली, नाहीतर हजार रुपये दंड. दंडाची गोष्ट सोडा. आपल्याकडं मूल आजीच्या मांडीवर म्हणजे सुरक्षित, असं समजतात. शंभराच्या वेगात ब्रेक लागला तर कुठल्याही आजीचे हात ते मूल धरून ठेवू शकत नाहीत. सासूबाईंना हे मी कधीच समजावून सांगितलं नाही. मेकॅनिकनं सांगितलं, "माजी, कुर्सीतच बसवजा," आणि त्यांनी लगेच मान डोलावली. बाहेरच्याचं पटतं.

फास्टॅगमध्ये पैसे भरले. समृद्धीवर टोल अंतराप्रमाणे, बाहेर पडताना कापला जातो. कारला पूर्ण ७०१ किलोमीटरचे एप्रिल २०२५ पासून १,४४५ रुपये. आम्ही मधे उतरणार-चढणार, बेरीज तीच.

संध्याकाळी ६.३०

दुकानात गर्दीची वेळ आणि त्यातच पुण्याहून दिराचा फोन.

"वहिनी, समृद्धीनं आमण्याला कशाला जाता? संभाजीनगरहून नगर, शिरूर, पुणे आणि एक्स्प्रेस-वे धरा. मी वार्षिक पास काढलाय, तीन हजारांत दोनशे फेऱ्या. तुम्हीपण काढा."

एका हातानं स्ट्रिप कापत मी ऐकत होते. ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला तो पास राष्ट्रीय महामार्गांचा आहे. समृद्धी राज्याची, मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेही राज्याचा. दोन्हीकडं तो चालत नाही. हे सांगितल्यावर दीर म्हणाले, "हो का? पण रस्ता तोच घ्या."

त्यांच्या रस्त्यात तथ्य नाही असं नाही. एक्स्प्रेस-वे घाट उतरून खोपोलीला थेट पार्काजवळ सोडतो. पण त्याआधी शिरूर, वाघोलीची गर्दी आहे, पुणं पार करायचं आहे, आणि सुटीत लोणावळ्याचा घाट. आमच्या रस्त्यात इगतपुरीचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. त्यानं कसारा घाट वाचतो आणि थोरलीची ओकारीही. शिवाय बोगदा ही मुलांसाठी आयती करमणूक. श्वास रोखून कोण किती मोजतं, हा खेळ आठ किलोमीटर कोणालाच जमत नाही. खरा त्रास बोगद्यानंतर. आमण्याला समृद्धी संपते आणि भिवंडी-कल्याण-शिळफाट्याचं जग सुरू होतं, कंटेनर, ट्रक, खोदकाम. नकाशावर ते शेवटचं अंतर बोटाच्या पेराएवढं दिसतं. वेळ मात्र आधीच्या दोनशे किलोमीटरइतका खातं. त्याला एकच इलाज, तिथून भर दुपारी निघून जायचं, ऑफिसं सुटायच्या फार आधी. म्हणजे संभाजीनगरहून बुधवारी सकाळी सातला निघायला हवं, म्हणजे मंगळवारी रात्री मावसबहिणीच्या गप्पा दहाला थांबवायला हव्यात. सगळ्या नियोजनातलं सर्वांत अवघड कलम हेच.

रात्री ८.००

स्वयंपाकघर. सासूबाईंचं खातं, मी मदतनीस. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची कोरडी चटणी, चिवडा, भाजलेले दाणे. ओलं काही नाही, दह्याचं काही नाही, खोबरं घातलेलं काही नाही. मुलांच्या पुऱ्या तळहाताएवढ्या लाटल्या, मोठी पुरी अर्धी सीटखाली जाते. आंबिया बहराची संत्री बाजारात यायला लागली आहेत, अजून हिरवट आणि आंबट. एक पेटी बहिणीला. विदर्भातून रिकाम्या हातानं कोण जातं?

"सांभारवडी करू का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"गाडीत तेलकट नको आई."

"गाडीत कोण खाते? तिच्यासाठी."

केली. रात्रीचे नऊ वाजले.

रात्री ९.४५

बॅगा भरताना माझी एकच पद्धत. दिवसाप्रमाणे पिशव्या. पहिल्या मुक्कामाची पिशवी वर, पार्काच्या दिवसाची खाली, घाणेरड्या कपड्यांची रिकामी. संभाजीनगरला पोचल्यावर अख्खी डिकी अंगणात उपसायची नाही. पायाशी एक टोपली: पाणी, पेपर नॅपकिन, ओकारीच्या पिशव्या, दोघांचा एकेक जादा कपड्यांचा जोड, सासूबाईंची शाल. थोरलीनं स्वतःची यादी केली होती. त्यात चित्रकलेची वही, खडू, बाहुली, बाहुलीचा कंगवा आणि "आइस्क्रीम" असं लिहिलेलं. वही ठेवली, पण खडू फक्त थांब्यावर.

मोबाइलवर दोघांसाठी गोष्टी उतरवून ठेवल्या, नुसत्या ऐकायच्या, बघायच्या नाहीत. खिडकीतून बघायला यादी दिली. समृद्धीवर जंगलातल्या प्राण्यांसाठी बांधलेले पूल आणि भुयारी वाटा आहेत. जो आधी पूल ओळखेल त्याला पहिली पुरी. धाकट्यानं विचारलं, वाघ दिसेल का. दिसणार नाही, असं मी सांगितलं. यांनी "पाहू" म्हटलं.

रात्री १०.५०

मुलं झोपली, धाकटा उद्याच्याच टी-शर्टात. सकाळी त्याला कपडे बदलायला लावण्यात जी दहा मिनिटं जातात ती मी वाचवली. पार्काच्या दिवशी दोघांनाही भडक पिवळे टी-शर्ट आणि मनगटावर माझा नंबर लिहिलेली पट्टी. थोरलीला नंबर पाठही आहे, तिनं मला तीनदा म्हणून दाखवला, तिसऱ्यांदा दोन आकडे अदलाबदल झाले. उद्या गाडीत पुन्हा घोकून घेऊ.

हे गाडीत पेट्रोल भरून आले आणि म्हणाले, "साडेपाचला निघू."

"सहाला."

"पावणेसहा."

मोबाइल वाजला. संभाजीनगरहून मावसबहीण: "एकपर्यंत येताय ना? वरण-भात साडेबाराला लावते."

मी उत्तर पाठवलं: "बाराला लाव. धाकटा आला की आधी जेवतो, मग बोलतो. आणि पंखा लागेल अशी एक खोली मोकळी ठेव, ड्रायव्हर झोपेल."

तिचा लगेच परत मेसेज: "ड्रायव्हरला सांग, खोलीचं भाडं एक पेटी संत्री."